कार्बोरेटरचा जमाखर्च

इतिहास म्हटला की आपल्याकडे आधी घोडे लागतात. घोड्याशिवाय स्वारी नाही, स्वारीशिवाय लढाई नाही आणि लढाईशिवाय शाळेच्या पेपरात पाच मार्कांचा प्रश्न नाही. मी ज्या इतिहासाबद्दल लिहायला बसलो आहे त्यातही घोडे आहेत. फक्त ते बॉनेटखाली उभे असतात, हरभऱ्याऐवजी पेट्रोल पितात आणि संख्येने चाळीसच्या घरात आहेत. माझं वयही त्याच घरात असल्यामुळे मला या घोड्यांबद्दल विशेष जिव्हाळा आहे. चाळिशीतला जीव चढावर धापा टाकतो, थंडीत लवकर सुरू होत नाही आणि सकाळी थोडा चोक ओढल्याशिवाय (आमच्या घरी त्याला चहा म्हणतात) कामाला लागत नाही, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

मी बी.कॉम., बँकेत कारकून. तेव्हा यंत्राबद्दल लिहायचा तुमचा अधिकार काय, असं एखादा इंजिनिअर विचारणारच. अधिकार इतकाच, की कार्बोरेटर हे यंत्र नसून चोख जमाखर्चाचं एक खातं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. आणि दुसरं म्हणजे मी बारामतीचा आहे. मोटारीच्या इतिहासात बारामती-इंदापूरचा काय संबंध, असं विचारणाऱ्या पुणेकरांना मी एवढंच सांगतो, की आमच्या या दोन तालुक्यांची थेट इटलीशी सोयरीक आहे.

बारामतीहून इंदापूरला निघालं की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो आणि इंदापूर येईपर्यंत संपत नाही. भवानीनगर जातं, मग जंक्शन येतं. तिथून वळलं की वालचंदनगर. हे पूर्वीचं कळंब. सोलापूरला १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींनी नीरेच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर १९३०च्या दशकात इथे साखर कारखाना उभा केला आणि गावाने त्यांचं नाव लावलं. साधारण माणूस एक कारखाना काढून दमतो. वालचंदांचं तसं नव्हतं. जहाजं झाली, बंगलोरला विमानांचा कारखाना झाला, मग राहिलं काय, तर मोटार. फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. क्रायस्लरशी केली, ती जमली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ अशी त्यांची नावं. होडीएवढ्या लांब आणि संस्थानिकासारख्या खर्चिक.

याच डॉज आणि प्लिमथच्या घराण्यातली पोरं पुढे अमेरिकेत तालमीत गेली. तिकडे १९६०च्या दशकात अंगात रग असलेल्या गाड्यांची लाट आली. 'मसल कार' म्हणत त्यांना, म्हणजे दंडाच्या बेटकुळ्या दाखवणारी गाडी. १९६६ सालच्या डॉज चार्जरला हवं तर 'हेमी' नावाचं इंजिन मिळे: आठ सिलिंडर, सात लिटर, ४२५ अश्वशक्ती आणि त्याला पेट्रोल पाजायला चार-चार घशांचे दोन कार्बोरेटर. आठ घशांनी पिणारं जनावर! पुढे प्रदूषणाचे कायदे आले, विमा महागला, १९७३ साली अरबांनी तेलाची तोटी आवळली आणि सगळ्या पैलवानांची भूक एकदम कमी झाली.

आपल्याकडे मात्र वालचंदांच्या कंपनीने १९५१ सालीच फियाटशी करार करून इटलीची सून घरात आणली होती. वालचंद १९५३ साली गेले. त्यांच्यामागे आलेली फियाट ११०० आधी 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि १९७०च्या दशकात 'पद्मिनी' झाली. लग्नानंतर सुनेचं नाव बदलायची पद्धत कंपनीनेही पाळली, म्हणायची. इंजिन १०८९ सीसीचं. म्हणजे त्या एका हेमीत सहा पद्मिनी बसवून वर एखादी स्कूटर ठेवायला जागा उरावी. आठ घशांच्या जागी एकच घसा. मध्यमवर्गीय माणसाला शोभेल असा.

त्या घशाची गोष्ट मोठी गमतीची आहे. जिओव्हानी बात्तिस्ता व्हेंचुरी हा इटालियन पदार्थशास्त्रज्ञ १८२२ साली वारला. त्याने दाखवून दिलं, की वाहती गोष्ट अरुंद जागेतून जाताना वेग घेते आणि तिथे तिचा दाब कमी होतो. आमच्याकडच्या कालव्याला जिथे दरवाजा अरुंद असतो तिथे पाणी कसं पळतं, हे आमच्या शेतकऱ्यांना व्हेंचुरीच्या आधीपासून ठाऊक होतं. पण त्यांनी त्यावर निबंध लिहिला नाही. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा अशीच पळते, दाब पडतो आणि शेजारच्या बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल आपोआप फवाऱ्यासारखं वर ओढलं जातं. १८९३ साली जर्मनीत मायबाखने आणि हंगेरीत बांकी व चोंका या जोडगोळीने असे फवारे बसवले. बुडापेस्टच्या रस्त्यावर एक फुलवाली फुलांवर पाणी फवारत होती, ते पाहून बांकी-चोंकांना ही कल्पना सुचली अशी दंतकथा आहे. खरी नसेलही. पण न्यूटनला सफरचंद मिळालं, तर यांना फुलवाली मिळायला कुणाची हरकत नसावी.

आता जमाखर्च. पेट्रोल नीट जळायचं तर वजनाने सुमारे पंधरा वाटे हवा आणि एक वाटा पेट्रोल लागतं. पेट्रोल वाढलं तर काळा धूर, कमी पडलं तर गाडी गचके देते. जेटच्या शेजारी पेट्रोलची एक छोटी टाकी असते, तिच्यात तरंगणारा फ्लोट. पातळी वाढली की फ्लोट वर येऊन सुई दाबतो आणि आवक बंद. थोडक्यात, शाखेत किती रोकड ठेवायची याची मर्यादा आणि ती पाळणारा हेड कॅशिअर. फरक इतकाच, की फ्लोट जेवायच्या सुट्टीत जागेवरून उठत नाही.

पण नुसतं मिश्रण बरोबर असून भागत नाही. ठिणगी वेळेवर पडली पाहिजे, आणि वेळेवर म्हणजे वेळेच्या आधी. हे कॉमर्सवाल्याला चटकन कळतं. पूर्वी चेक वटायला दोन-तीन दिवस लागत. हप्ता पाच तारखेला असेल तर शहाणा माणूस चेक दोन तारखेलाच टाकी. पेट्रोललाही जळून जोर धरायला सेकंदाचे दोन-तीन हजारांश लागतात. पिस्टन वरच्या टोकाला पोचल्यावर ठिणगी दिली तर पेट्रोल पेटेपर्यंत तो खाली निघालेला असतो. म्हणून काही अंश आधीच ठिणगी द्यायची. याला म्हणतात अ‍ॅडव्हान्स. गाडीचा वेग वाढला की तारखा भराभर येऊ लागतात, म्हणून अ‍ॅडव्हान्सही वाढवावा लागतो. ते काम आत बसवलेली दोन छोटी वजनं फिरता फिरता फाकून करतात. अ‍ॅडव्हान्स कमी पडला तर इंजिन तापतं आणि मरगळतं. जास्त झाला तर आतून ठकठक ऐकू येते. अ‍ॅडव्हान्स जास्त दिला की पुढे ठकठक करत फिरावं लागतं, हे आमच्या कर्जविभागाला कुणी शिकवायला नको.

ही ठिणगी वाटणाऱ्या डब्याचं नाव डिस्ट्रिब्युटर. पण आमच्याकडच्या जुन्या मिस्त्र्यांपुढे हा शब्द उच्चारला तर ते तुमच्याकडे परगावच्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. ते त्याला 'डेल्को' म्हणतात. हा शब्द कुठून आला? अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने एक कंपनी काढली. तिच्या लांबलचक नावातली आद्याक्षरं जुळवली की होतं डेल्को. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारा पॉइंट ही ठिणगीची मांडणी केटरिंगने कॅडिलॅक गाडीसाठी १९१०च्या सुमारास बसवली. पुढे १९१२च्या कॅडिलॅकला बटनावर चालणारा स्टार्टर दिला आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्यातून माणसाची सुटका केली. इटलीच्या घराण्यातल्या गाडीचा डबा भिगवण रोडवरचा मिस्त्री उघडतो आणि नाव घेतो ओहायोच्या कंपनीचं! जागतिकीकरण म्हणतात ते हेच असेल, तर ते आमच्याकडे बरंच आधी पोचलं होतं.

हा पॉइंट म्हणजे बँकेतल्या शिक्के मारणाऱ्या शिपायासारखा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर चार सिलिंडरांसाठी त्याला सेकंदाला शंभर वेळा उघडावं लागतं. बढती नाही, रजा नाही. आणि सिलिंडर पेटायचा क्रम १, ३, ४, २. बँकेच्या खिडकीवर असे नंबर पुकारले तर काच फुटेल, पण इंजिनात त्यामुळेच शांतता नांदते.

आमच्या घरी पद्मिनी होती ती तात्यांची, म्हणजे माझ्या थोरल्या काकांची. दुसऱ्या हाताने घेतलेली. १९९०च्या आसपासची गोष्ट सांगतो. पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने 'अ‍ॅव्हरेज वाढवून देतो' म्हणून तिचं काहीतरी केलं होतं. तेव्हापासून जरा चढ आला की इंजिनात डबड्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज येई. तात्यांनी गाडी आमच्या मिस्त्रींच्या दारात उभी केली. मिस्त्री समोरच्या टपरीवर चहा पीत होते. तिथूनच म्हणाले, "तात्या, बंद नका करू. बोलू द्या तिला."

"काय म्हणतेय?"

"लई घाई झालीय म्हनती. कुनीतरी टायमिंग म्होरं घेतलंय."

मला बॅटरी धरायचं काम मिळालं. मिस्त्रींनी पॉइंट पॉलिश पेपरने घासला. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या जरा आत हवी. त्यासाठी गेज मिळतं, पण मिस्त्रींचं गेज म्हणजे दुमडलेलं पोस्टकार्ड. मग एक नंबरचा प्लग काढून त्या भोकावर त्यांनी अंगठा ठेवला आणि तात्यांना हँडल फिरवायला सांगितलं. आतली हवा दाबली जाऊन अंगठा उचलू लागली की समजायचं, पिस्टन वर येतोय. मग पुलीवरची खूण जुळवायची, डेल्कोला एक छोटा बल्ब जोडायचा आणि डेल्को केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवत राहायचं. पॉइंट उघडला की बल्ब पेटतो. पेटला त्या क्षणी बोल्ट आवळला. नंतर कार्बोरेटर. जेट काढून तोंडाने फुंकला. "यात तार घालायची न्हाय पोरा. भोक मोठं झालं की मालकाचं घर खातंय." गाडी गरम करून मिक्श्चरचा स्क्रू आत घेतला, इंजिन अडखळलं, बाहेर घेतला, स्थिरावलं. मग स्लो थोडा कमी केला. बॉनेटवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाणी थरथरलं, पण हिंदकळलं नाही.

"आता उसाच्या गाडीमागनं जंक्शनपर्यंत गेली तरी बंद पडायची न्हाय," मिस्त्री म्हणाले. कारखान्याच्या मोसमात उसाच्या बैलगाडीमागे तीन-चार मैल बैलाच्या चालीने जाणं, ही परीक्षा इटलीतल्या इंजिनिअरांच्या स्वप्नातही आली नसेल. आमच्याकडे ट्यूनिंग तिच्यासाठीच करून घेत.

मग मिस्त्रींनी एका डबड्यात पेट्रोल घेतलं, हात स्वच्छ धुतले आणि राहिलेला चहा प्यायले.

इथे मला खात्याची दुसरी बाजू उघडावी लागते. इंजिनाची ती ठकठक बंद करायचा आणखी एक उपाय होता, आणि तो शोधला गेला त्याच केटरिंगच्या हाताखाली. १९२१च्या डिसेंबरात त्यांच्या प्रयोगशाळेतल्या थॉमस मिजली नावाच्या माणसाला आढळलं, की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं तर ठकठक थांबते. शिसं विषारी असतं हे रोमन लोकांच्या काळापासून माहीत. म्हणून बाजारात नाव ठेवलं 'इथाइल'. त्यात शिशाचा उल्लेखच नाही. १९२४च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धी कारखान्यात हे संयुग हाताळणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तेव्हा मिजलीने पत्रकार परिषद बोलावली, सगळ्यांदेखत ते संयुग हातांवर ओतून घेतलं आणि त्याचा वासही घेतला. पाहा, काही होत नाही! खरं म्हणजे आदल्या वर्षी तो स्वतःच शिशाच्या बाधेने रजेवर गेला होता.

त्यानंतर पाऊणशे वर्षं जगातल्या बहुतेक गाड्यांनी ते शिसं धुरातून हवेत सोडलं. लहान मुलांच्या रक्तात ते उतरतं आणि बुद्धीची वाढ खुंटवतं, हे पुढे सिद्ध झालं. भारतात शिसंमिश्रित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. सगळ्यात शेवटी अल्जीरियाने ते २०२१ साली बंद केलं. मिजलीने हात धुतले ते पत्रकारांपुढे, एकदा, आणि सगळं ठाऊक असून. आमच्या मिस्त्रींनी धुतले ते रोज, तीस वर्षं, आणि कुणी सांगितलं नाही म्हणून. जेट तोंडाने फुंकले, टाकीतलं पेट्रोल नळीने तोंडाने ओढलं. त्या पेट्रोलमध्ये शिसं मिजलीच्या बाटलीच्या मानाने अगदी थोडं होतं, हे खरं. पण थोडं थोडं रोज जमा केलं की काय होतं, हे आवर्ती ठेवीच्या खात्यावर बसणाऱ्याने तुम्हांला सांगायला नको.

म्हणून कार्बोरेटर गेला याचं मी नुसतं रडगाणं गात नाही. पंधरास एक हे प्रमाण थंडीत, उन्हात, घाटात आणि उसाच्या गाडीमागे सारखं राखणं त्या बिचाऱ्या घशाला जमण्यासारखं नव्हतं. धूर स्वच्छ करायचा तर हिशेब काटेकोर हवा, आणि त्याला कॉम्प्युटर हवा. २०००च्या आसपास पद्मिनी बनायची थांबली आणि चारचाकींमध्ये इंजेक्शन आलं. दुचाकींवर कार्बोरेटरने आणखी वीस वर्षं काढली. मग १ एप्रिल २०२० रोजी नवे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांवरून तो जवळजवळ हद्दपार झाला. बँकेच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस! तोही ऐन लॉकडाउनमधला, त्यामुळे अंत्ययात्रेला चार माणसंसुद्धा जमली नाहीत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा निदान पेपरांत फोटो तरी आले.

इटलीची सोयरीक मात्र तुटलेली नाही. फियाटची सून इंदापूरच्या वालचंदांनी कुर्ल्यात आणली होती; आता पियाजिओ ही इटलीचीच कंपनी खुद्द बारामतीच्या एमआयडीसीत तीनचाकी करते आणि २०१२ पासून वेस्पाही. त्या वेस्पातही आता कार्बोरेटर नाही. वालचंदनगरच्या कारखान्यातून इस्रोच्या रॉकेटांचे भाग जातात. रॉकेटलाही ठिणगी वेळेवरच लागते. फक्त तिथे मिस्त्रींना बोलावत नाहीत.

मिस्त्रींच्या मुलाकडे आता स्कॅनर आहे. गाडीला वायर जोडली की पडद्यावर दुखण्याचा नंबर येतो, त्या नंबरचा भाग बदलायचा. मुलगा हुशार आहे, गाड्या चोख दुरुस्त करतो, जेवणाआधी साबणाने हात धुतो. हे सगळं चांगलंच झालं. फक्त टपरीवर बसून समोरच्या गाडीचं दुखणं सांगणारा कान कुठल्या खात्यावर ट्रान्सफर करायचा, याची नोंद कुणाकडेच नाही. तो कुणी लिहून ठेवला नाही, आणि लिहून ठेवण्यासारखा तो नव्हताही.

गेल्या मार्च महिन्यात मिस्त्री आमच्या शाखेत केवायसीसाठी आले. आता थकलेत. मी अंगठा यंत्रावर ठेवायला सांगितला. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. दुसरा अंगठा, तेच. सगळी बोटं झाली. तीस वर्षांच्या पॉलिश पेपरने आणि पेट्रोलने बोटांवरच्या रेषा साफ पुसून गेल्या होत्या. एक नंबरच्या सिलिंडरची हवा ओळखणारा अंगठा यंत्राला काही ओळखता येईना. मागे रांग वाढली. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, जरा बाजूला व्हा."

"थांबा हो," मिस्त्री म्हणाले. त्यांनी यंत्राची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली. अंगठा ठेवला, तो केसभर डावीकडे फिरवला, मग अगदी किंचित मागे घेतला आणि तसाच धरून ठेवला.

यंत्रावर हिरवा दिवा लागला.

"टायमिंग म्होरं होतं तुमचं," ते म्हणाले, आणि पासबुक उचलून निघून गेले.